विजेची गाडी दारात आली, परवाना कोणाचा?

मागच्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर चार मंडळींसोबत बसलो होतो. आमच्या वस्तीतला एक तरुण जवळ आला. चारच महिन्यांपूर्वी त्याने कर्ज काढून विजेवर चालणारी रिक्षा घेतली आहे. धरणगावच्या रेल्वे स्टेशनापासून बसस्टँडपर्यंत तो प्रवासी वाहतो. बाजाराच्या दिवशी बरी कमाई होते, बाकी दिवस हप्ता निघण्यापुरते जमते. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ परवाना बराबर शे ना?"

आम्ही पडलो कारकून. कागद हातात आला की मजकूर नंतर वाचतो, आधी पाहतो जावक क्रमांक कोणता, सही कोणाच्या पदाची, आणि कोणत्या कलमान्वये दिला. या कागदावर यातले काहीच नव्हते. पाचशे रुपयांचा मुद्रांक, त्यावर 'मी माझ्या राहत्या घरी विजेची रिक्षा चार्ज करीन, त्यापासून कोणास उपद्रव होऊ देणार नाही' असे त्याचे स्वतःचेच प्रतिज्ञापत्र, आणि खाली नोटरीचा गोल शिक्का. या 'चार्जिंगच्या परवान्या'साठी कचेरीच्या आवारात फिरणाऱ्या एका दलालाने त्याच्याकडून सहा हजार रुपये घेतले होते.

वाचकहो, असा परवाना सरकार देतच नाही. जो परवाना अस्तित्वातच नाही, त्याचे सहा हजार रुपये एका कष्टकऱ्याने मोजले. त्याची दीड-दोन आठवड्यांची कमाई गेली. ही फसवणूक दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून आम्ही नियम वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते साध्या शब्दांत येथे मांडत आहोत.

परवाना का लागत नाही?

२००३ च्या वीज कायद्यानुसार वीज वाहून नेणे, वितरित करणे किंवा तिचा व्यापार करणे यासाठी परवाना लागतो. त्यामुळे सुरुवातीला प्रश्न निघाला की, एखाद्याने दुसऱ्याची गाडी चार्ज करून पैसे घेतले, तर ती विजेची विक्री झाली की नाही? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचा खुलासा केला. गाडी चार्ज करताना वीज बॅटरीत साठवली जाते. हे काम म्हणजे वितरणही नव्हे आणि व्यापारही नव्हे, ती एक सेवा आहे. म्हणून त्याला वीज कायद्याखालील परवाना लागत नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला मंत्रालयाने चार्जिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या पुढे २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या, पण हे मूळ तत्त्व कायम राहिले. कोणतीही व्यक्ती वा संस्था ठरवून दिलेली मानके पाळून सार्वजनिक चार्जिंग केंद्र काढू शकते. आणि आपल्या राहत्या घरी, आपल्याच असलेल्या वीजजोडणीवर, आपली गाडी चार्ज करण्यास मुभा आहे.

म्हणजे आमच्या त्या तरुणाला स्वतःची रिक्षा स्वतःच्या घरी चार्ज करण्यासाठी कोणत्याही कचेरीचा उंबरठा झिजवण्याचे कारण नव्हते.

परंतु येथेच दुसरी चूक होते. 'परवाना लागत नाही' हे ऐकले की आपली मंडळी 'काहीच लागत नाही' असा अर्थ काढतात. तसे नाही. परवाना लागत नसला तरी मीटर, जागा आणि सुरक्षितता या तीन गोष्टींचे नियम आहेतच. ते एकेक पाहू.

मीटर घरचे, धंदा बाहेरचा

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरानेच बिल येते. वीज नियामक आयोगाने हे स्पष्ट केलेले आहे. पण हिशेब आधी करावा. चार बॅटऱ्यांची साधी रिक्षा पूर्ण चार्ज होण्यास साधारण सात-आठ युनिट लागतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोनशे युनिटच्या आसपास होतात. ज्या घराचा खप नव्वद युनिट आहे, त्याचा आकडा तीनशेच्या जवळ जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत: शंभरपर्यंत एक, एकशे एक ते तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. म्हणजे रिक्षेचे बहुतेक सगळे युनिट वरच्या टप्प्यात पडतात. चार्जिंगसाठी वेगळा दर-वर्ग आहे आणि त्यासाठी स्वतंत्र मीटर मागता येते. दोन्ही दर कार्यालयात विचारून, स्थिर आकारासह कागदावर मांडून, मगच काय ते ठरवावे. बिल आल्यावर कपाळाला हात लावण्यापेक्षा आधी पेन्सिल हातात घेणे बरे.

खरा धोका आहे तो धंद्यात. समजा, शेजारचे तीन रिक्षावाले आपल्या दारात गाड्या लावतात आणि एका रात्रीचे अमुक रुपये देतात. आपल्याला वाटते, चार पैसे सुटतात, कोणाचे काय जाते? परंतु वीज घेतली घरासाठी आणि वापरली धंद्यासाठी, याला कायद्याच्या कलम १२६ मध्ये 'अनधिकृत वापर' म्हटले आहे. ज्या वर्गाचा दर लागू व्हायला हवा होता, त्याच्या दुप्पट दराने आकारणी होते. हा वापर केव्हापासून चालू आहे हे ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरले जातात. वर्षभराचे दुप्पट बिल एकदम अंगावर आले, तर रोजंदारीवर चालणारे घर मोडून पडेल.

अशी आकारणी झालीच, तर आधी तात्पुरता आदेश हातात येतो. त्यावर हरकत घेण्याचा हक्क आहे. अंतिम आदेशावर तीस दिवसांत अपील करता येते. घाबरून कोणाच्या हाती पैसे देऊ नयेत. कागद घेऊन जाणकाराकडे जावे.

आकडा टाकून वीज घेणे हा तर कलम १३५ खालचा गुन्हाच आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी.

ज्याला चार रिक्षा चार्ज करून देण्याचा व्यवसाय करायचा आहे, त्याने खुशाल करावा. परवाना नाही, पण चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी. एवढे केले की तोच माणूस चोर न ठरता व्यावसायिक ठरतो. मात्र त्याच जागेत चहाची टपरी वा दुकान चालवले, तर त्या विजेला व्यापारी दर लागतो हेही ध्यानात असू द्यावे.

जोडणी किती दिवसांत?

वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मागणी आल्यावर वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असेल तर महानगरात तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी मुदत ठरली. म्हणजे धरणगाव शहराला सात दिवस, आणि पाळधी, पिंप्री यांसारख्या तालुक्यातील गावांना पंधरा दिवस. नवे खांब वा नवे रोहित्र उभारावे लागणार असेल तर अर्थातच वेळ अधिक लागतो. याच सुधारणेने गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही ग्राहकाला दिला. पुण्या-मुंबईकडे सोसायटीत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे जरूर कळवावे.

अर्जासोबत ओळखीचा पुरावा, जागेचा पुरावा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. पैसे भरायचे ते कोटेशन हाती आल्यावर, आणि पावती घेऊनच. अर्जाचा क्रमांक व तारीख वहीत लिहून ठेवावी. सात दिवसांची मुदत कोणत्या दिवशी संपली हे ज्याच्या वहीत आहे, त्यालाच दाद मागता येते. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तेथे काम झाले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, आणि तेथे वकील लावण्याची सक्ती नाही.

जागेचा प्रश्न, म्हणजे आपला प्रश्न

आता येतो आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय. अनेकांची घरे आजोबा-पणजोबांच्या काळापासून गावठाणाच्या कडेला आहेत. घरपट्टीची पावती आहे, पण उताऱ्यावर नाव चढलेले नाही; किंवा चढले आहे ते वारलेल्या आजोबांचेच. अशा माणसाला पहिल्याच खिडकीवर सांगितले जाते, "उतारा नाही ना? मग मीटर नाही."

कलम ४३ मधील शब्द नीट वाचावेत. तेथे 'मालक किंवा भोगवटादार' असे म्हटले आहे. भोगवटादार म्हणजे जो तेथे प्रत्यक्ष राहतो, जागा वापरतो तो. म्हणून वहिवाटीचा पुरावा, म्हणजे घरपट्टीची पावती, भाडेकरार असा कागद जोडून अर्ज करावा. अर्ज स्वीकारत नसतील तर नकार लेखी मागावा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे अवघड असते. मात्र वीज मिळाली म्हणजे जागेची मालकी सिद्ध झाली, असाही समज करून घेऊ नये. वारसाची नोंद लावून घेणे हे वेगळे काम आहे आणि ते ज्याने त्याने आजच करावे.

बांधकामाचे काय? भिंतीवर चार्जिंगचा बोर्ड बसवणे म्हणजे इमारत बांधणे नव्हे. पण पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा, छप्पर घालून चार-सहा गाड्यांचे केंद्र उभारायचे असेल, तर आधी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात विचारावे. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाली आहे. आपली नगरपालिकाही तिच्याखाली येते. विकास आराखड्यात आपला भूखंड निवासी पट्ट्यात आहे, व्यापारी पट्ट्यात आहे, की शेतीच्या, हे तेथे कळते. शेतीच्या जमिनीवर केंद्र काढायचे असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न महसूल खात्याकडे आधी मिटवावा लागतो.

रस्ता आपला नाही. घरासमोरची गल्ली नगरपालिकेची आहे. तेथे खांब रोवून चार्जर बसवला तर ते अतिक्रमण ठरते आणि मुख्याधिकारी ते काढून टाकू शकतात. पाळधीकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेला ज्यांची जमीन आहे, त्यांना केंद्रातून महामार्गावर उतरणारा रस्ता काढण्यासाठी महामार्गाच्या यंत्रणेची वेगळी परवानगी घ्यावी लागते. चार्जिंगला परवाना नाही म्हणून तेथे कोणी पैसे गुंतवून बसले आणि मग रस्ताच बंद झाला, असे होऊ नये.

रिक्षेच्या परमिटबाबत

एक गोंधळ आणखी दूर करू. साध्या ऑटोरिक्षेला जे परमिट लागते, ते ई-रिक्षेला लागू नये अशी सूट केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बॅटरीवरील इतर प्रवासी व माल वाहनांनाही देण्यात आली. पण नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाचे लायसन्स यांतून सुटका नाही. विम्याशिवाय रिक्षा चालवून अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. दलालाला सहा हजार देणाऱ्या आमच्या तरुणाचा विमा संपायला तेव्हा आठ दिवस उरले होते, हेही सांगून टाकतो. नको त्या कागदाला पैसे गेले आणि हव्या त्या कागदाला उरले नाहीत.

मायबहिणींसाठी

पुढील मजकूर घरातील बायकांनी अवश्य वाचावा, कारण रात्री गाडी चार्जिंगला लागते तेव्हा घरात लेकरे झोपलेली असतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगविषयी स्पष्ट तरतुदी आहेत. चार्जिंगसाठी जोडवायर, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, वापरता येत नाही. खिडकीतून वायर काढून गल्ली ओलांडून रिक्षेपर्यंत नेणे हा आपल्याकडचा रोजचा प्रकार. तो नियमाच्या सरळ विरुद्ध आहे. प्लगची जागा जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेतीन फूट उंच हवी, कारण पावसाळ्यात दारात पाणी साचते. गळती झाल्यास तत्काळ वीज तोडणारे उपकरण हवे. वायरमनला 'तीस मिलिअँपिअरचे' असे सांगितले की तो समजतो. आणि अर्थिंग पक्के हवे. नळाच्या पाइपाला तार गुंडाळली म्हणजे अर्थिंग झाले, हा भ्रम सोडावा.

मंजूर भारही पाहावा. तो बिलावर छापलेला असतो. एक किलोवॅट मंजूर असताना रिक्षा, कूलर आणि पाण्याची मोटर एकदम लावली तर वायर तापते. जुन्या घरातली वायर वीस-पंचवीस वर्षांची असते. गाडीसाठी बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर ओढून घ्यावी. त्यात पैसे वाचवू नयेत.

शिसे-आम्लाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात, आणि तो पेट घेतो. म्हणून बंद खोलीत, चुलीजवळ वा देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ त्या ठेवू नयेत. लिथियमच्या बॅटरीला आग लागली तर ती आवरत नाही. २०२२ मध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत निवू द्यावी. फुगलेली बॅटरी वापरू नये. आणि घराबाहेर पडण्याचा एकच दरवाजा असेल, तर त्या दरवाज्यात गाडी चार्जिंगला कधीही लावू नये. आग लागली तर आतले माणूस बाहेर कसे येणार?

आपल्या वस्तीला केंद्र केव्हा?

सरकारी कागदांत चार्जिंग केंद्रांचे मोजमाप आहे. २०१८ च्या सूचनांत शहरात तीन किलोमीटर लांब-रुंद चौकटीत एक आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला एक केंद्र सांगितले होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानेही महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरचेच अंतर धरले आहे. केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी दोन हजार कोटी रुपये ठेवले. पण ज्याच्याकडे मोटार आहे तो महामार्गावर थांबतो. रिक्षावाल्याला केंद्र हवे ते स्टेशनजवळ आणि वस्तीजवळ. त्याच्या घरात जागा नाही, अंगण नाही. म्हणूनच तर वायर गल्ली ओलांडते. नियम मोडण्याची हौस कोणाला नसते, पण नियम पाळायला जागाच नसेल तर गरिबाने करावे काय?

याचे उत्तरही नियमांतच आहे. सरकारी जागा चार्जिंगसाठी युनिटमागे एक रुपया वाटा घेऊन सरकारी संस्थेला देता येते, आणि खासगी माणसाला त्याच एक रुपयापासून बोली लावून देता येते, असे २०२२ च्या सूचनांत म्हटले आहे. मग नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत रिक्षा थांब्यालगत चार-सहा प्लगचे केंद्र का होऊ नये? रिक्षाचालकांनी आणि बचत गटाच्या भगिनींनी मिळून तसा लेखी अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा व पोच घ्यावी. २०२४ च्या सूचनांनी सार्वजनिक केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत वीज सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असेही सुचवले आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते. त्याच वेळी गाडी चार्जिंगला लावली तर रात्रीची धास्ती संपेल.

विजेचा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि विजेच्या नियोजनाचे काम त्याच खात्याकडे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्याच वेळी. स्वस्त आणि मुबलक वीज ही दारिद्र्यातून बाहेर पडण्याची वाट आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती वीज आज आपल्या मुलाच्या रिक्षेत आली आहे. ती मिळवण्याची रीत आपण शिकून घ्यावी.

आमच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. दलाल पैसे घेतल्याचेच नाकारतो; पावती नाही, साक्षीदार नाही. ते सहा हजार गेले. विमा मात्र मुदतीच्या आत उतरवला. स्वतंत्र मीटरसाठी घरपट्टीची पावती जोडून अर्ज केला. पहिल्या दिवशी उताऱ्याच्या नावाने परत पाठवले, दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला आणि म्हणाला, "साहेब, नाही म्हणायचे असेल तर तसे लिहून द्या." अर्ज दाखल झाला. आज त्याच्या भिंतीवर पावणेतीन फूट उंचीवर चार्जिंगचा बोर्ड आहे आणि गल्लीतली वायर गेली आहे.

तो मुद्रांकाचा कागद त्याने फाडलेला नाही. कोणी नवी रिक्षा घेतली की तो घडी उघडून दाखवतो आणि सांगतो, "हाऊ कागद लेऊ नको रे भाऊ. आधी इचार."

जयभीम.